कुबडवाली बंदूक आणि जॉन ब्राउनिंग



मध्यंतरी बॉबलिंगेनमधल्या आपल्या एका मैत्रिणीकडे जर्मन सासऱ्यांची शिकारीची बंदूक वारशाने आली. ब्राउनिंग ऑटो-५, सोळा बोअरची, बेल्जियममध्ये बनलेली, मागच्या बाजूला कुबड असलेली. बंदुकीवरचं नाव सगळ्यांनी वाचलं, पण हा ब्राउनिंग कोण? म्हणून हा लेख.

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेनचा. वडील बंदुका बनवायचे, त्यामुळे त्यांचा कारखाना हीच शाळा. आमच्यासारखी इंजिनियरिंगची डिग्री वगैरे काही नाही! १८७९ मध्ये पहिलं पेटंट मिळालं, १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने ती रायफल विकत घेतली आणि पुढे जवळजवळ वीस वर्षं तोच शिरस्ता पडला. ब्राउनिंगनी डिझाइन द्यायचं, कंपनीने एकरकमी पैसे मोजायचे. काही डिझाइन्स तर केवळ दुसऱ्या कुणाला मिळू नयेत म्हणून घेऊन ठेवली गेली.

मग आली ही शॉटगन. बार उडाला की धक्क्याने नळी आणि बोल्ट एकत्रच मागे जातात. नळी आधी पुढे परतते, तेवढ्यात रिकामं काडतूस बाहेर पडतं, मग बोल्ट नवीन काडतूस घेऊन पुढे येतो. काडतूस जोरदार की हलकं यावर धक्का बदलतो, त्यावर ब्राउनिंगनी काढलेला उपाय म्हणजे एक साधी पोलादी कडी. लाकडी पुढा काढला की मॅगझिनच्या नळीवर ती दिसते. जोरदार काडतुसांसाठी कडी स्प्रिंगच्या पुढे, पितळी ब्रेकला लागून. हलक्यांसाठी स्प्रिंगच्या मागे. जोरदार काडतुसं वापरताना कडी मागेच राहिली तर प्रत्येक बाराला लाकडाला आणि सांगाड्याला मार बसतो. जुन्या ऑटो-५ चा पुढा तडकलेला दिसला तर पहिला संशय या कडीवर घ्यावा.

या शोधासाठी ब्राउनिंगनी विंचेस्टरकडे पहिल्यांदाच रॉयल्टी मागितली. विंचेस्टरने नकार दिला. ते रेमिंग्टनकडे गेले, तर जानेवारी १९०२ मध्ये भेटीच्या दिवशीच तिथले अध्यक्ष हृदयविकाराने वारले! सत्तेचाळिसाव्या वर्षी हा माणूस बंदूक घेऊन बोटीने थेट बेल्जियमला, लिएजजवळच्या एफएन कारखान्यात पोहोचला. करार झाला, आणि हे मॉडेल १९९८ पर्यंत बनत राहिलं. वीस वर्षांचा गिऱ्हाईक सोडायला हिंमत लागते, असं आम्हाला वाटतं.

त्यांची मशीनगन आणि पिस्तुलं मात्र शिकारीसाठी नव्हती. १९१४ मध्ये सारायेव्होत युवराजाची हत्या झाली ती त्यांनीच डिझाइन केलेल्या एफएन पिस्तुलाने. असो.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजला, त्याच कारखान्यात काम करत असताना हृदय बंद पडून ते गेले. नावावर १२८ पेटंट्स होती.

आता वारसदारांसाठी. जुन्या सोळा बोअरच्या अनेक बंदुकांचं चेंबर ६५ मिलिमीटरचं असतं, आजची काडतुसं बहुधा ७० ची. ती आत बसतात, पण उडताना पुरती उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. तेव्हा आधी बंदूक-कारागिराकडून चेंबर मोजून घ्या. शिवाय जर्मनीत वारसा स्वीकारल्यापासून महिन्याभरात परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि शिकारीच्या परवान्यासारखं कारण नसेल तर नळीत कुलूप बसवून घ्यावं लागतं.