रक्ताचा हिशेब मांडणारे जे. बी. एस. हाल्डेन

(द्वितीय वर्ष, कला)

शास्त्रज्ञ म्हटला की तो लहानपणापासून विज्ञान शाखेतलाच असणार, अशी आपली समजूत असते. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्या वाटेला जायचे नसते, असा जणू नियमच होऊन बसला आहे. हा नियम खोटा ठरविणाऱ्या एका थोर पुरुषाची ओळख करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे. आनुवंशिक रक्तविकार पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहतात, या कोड्याची उकल करण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, ते जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान शिकले होते. विज्ञान शाखेची पदवी त्यांनी कधीच मिळविली नाही.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ. खाणीतला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा कशी अडवतो, याचा त्यांनी अभ्यास केला होता. त्यामुळे घरात रक्ताची चर्चा नेहमीचीच. तीन-चार वर्षांचे असताना कपाळाला खोक पडली, तेव्हा हे रक्त प्राणवायूचे की कार्बन मोनॉक्साइडचे, असे या बाळाने विचारले, अशी आख्यायिका सांगतात. वडील त्यांना खाणीतही नेत. एकदा छताजवळ मिथेन वायू साठलेल्या जागी उभे करून त्यांनी मुलाला शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधील अँटनीचे भाषण म्हणायला लावले. थोड्याच ओळींत मुलाला धाप लागली आणि तो खाली कोसळला. जमिनीजवळची हवा चांगली असल्याने तो लगेच शुद्धीवर आला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा पुढे तो जन्मभर विसरला नाही.

ईटन येथील शाळेनंतर ते ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेले. प्रथम गणितात आणि नंतर १९१४ साली अभिजात वाङ्मय-तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत त्यांनी प्रथम वर्ग मिळविला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. फ्रान्समध्ये आणि नंतर मेसोपोटेमियात ते जखमी झाले, आणि विश्रांतीसाठी त्यांना भारतात पाठविण्यात आले. हा देश त्यांना आवडला. मात्र राज्यकर्ता आणि प्रजा हे नाते त्यांना रुचले नाही. येथील माणसांशी बरोबरीने वागता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

युद्धानंतर ते ऑक्सफर्डला शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. १९२३ साली ते केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकविण्यास गेले आणि १९३३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्रयोगासाठी ते स्वतःचाच देह वापरीत. रक्तातील आम्लाचे प्रमाण वाढले तर काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी अमोनियम क्लोराइड पाण्यात विरघळवून पिऊन टाकले होते आणि त्यामुळे लागलेली धाप सोसली होती!

परंतु त्यांचे खरे हत्यार होते गणित. डार्विनच्या नैसर्गिक निवडीच्या विचाराला गणिताची बैठक देणाऱ्या तिघांत फिशर आणि राइट यांच्याबरोबर हाल्डेन यांचे नाव घेतले जाते. हे गणित त्यांनी रक्ताच्या रोगांना लावले.

हिमोफिलिया या रोगात रक्त गोठत नाही. आई वाहक असते आणि रोग बहुधा मुलाला होतो. त्या काळी असे मुलगे बहुधा संसाराला लागण्यापूर्वीच मरत. म्हणजे त्यांच्याबरोबर ते सदोष जनुकही नाहीसे होई. कणगीला भोक पडून धान्य सांडत राहिले, तर एक दिवस कणगी रिकामी व्हायलाच हवी. तशी ती होत नसेल, तर कुठूनतरी नवे धान्य पडत असले पाहिजे. हाल्डेन यांचा तर्क असा की, निरोगी जनुकात आपोआप बदल होऊन रोगाचे नवे जनुक तयार होत असते, आणि जितके जाते तितकेच नवे येते. १९३५ साली त्यांनी हा वेग मोजला. दर पिढीत सुमारे ५०,००० जनुकांमागे एक. माणसाच्या जनुकातील बदलाचा वेग इतक्या नेमकेपणाने मांडण्याचा हा पहिलावहिला मोठा प्रयत्न होता.

यापुढचे कोडे अधिक अवघड होते. इटली, ग्रीस या भूमध्य सागराकाठच्या देशांत थॅलेसेमिया हा रोग पुष्कळ आढळतो. त्यात हिमोग्लोबिन पुरेसे तयार होत नाही आणि तांबड्या पेशी लहान राहतात. एकाच पालकाकडून सदोष जनुक आले, तर माणूस वाहक होतो व बहुधा धडधाकट जगतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारात एक एवढी शक्यता तीव्र रोगाची असते. अशी मुले त्या काळी लहानपणीच दगावत. येथेही कणगी गळत होती, पण भोक फारच मोठे होते. केवळ नव्या बदलांनी ती भरायची, तर त्यांचा वेग अशक्य वाटावा इतका हवा होता. काही संशोधकांनी तो वेग मान्यही केला. हाल्डेन यांनी मात्र उलटा विचार केला. रोगी मुलांबरोबर जनुके जात असतील, तर वाहकांना इतरांपेक्षा काही फायदा मिळून ती राखली जात असतील काय? थॅलेसेमियाचा प्रदेश तोच हिवतापाचाही प्रदेश. तेव्हा वाहकांच्या लहान तांबड्या पेशींत हिवतापाच्या जंतूंचा शिरकाव कठीण होत असावा, असा तर्क त्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला.

पुढे १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेल या दुसऱ्या रक्तविकाराबाबत असेच दाखवून दिले. वाहकाला हिवताप होतच नाही असे नव्हे, पण जीवघेण्या प्रकारापासून त्याचे बरेच रक्षण होते.

येथे लोहाविषयी दोन शब्द लिहिणे जरूर आहे. हिमोग्लोबिनमध्ये लोह असते, म्हणून रक्त कमी म्हणजे लोह कमी, असे आपण धरून चालतो. थॅलेसेमियात हे गणित चुकते. रोग्याला वारंवार रक्त द्यावे लागते. त्यातून आलेले जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. ते हृदयात आणि यकृतात साठून घात करते, म्हणून ते काढण्यासाठी वेगळी औषधे द्यावी लागतात. वाहकाच्याही पेशी लहान दिसतात, पण त्या लोहाच्या गोळ्यांनी मोठ्या होत नाहीत. रक्त कमी का आहे हे तपासल्यावाचून गोळ्या घेत राहण्यात अर्थ नाही, तो यामुळेच.

हाल्डेन यांच्या आयुष्यात दोषही होते. स्वभाव तापट, भांडणे अनेक. ते कम्युनिस्ट पक्षात होते. रशियात लायसेंकोने आनुवंशशास्त्राची गळचेपी चालविली, तेव्हा त्यांनी जितके स्पष्ट बोलायला हवे होते तितके ते बोलले नाहीत. हा डाग लपविण्याचे कारण नाही. पुढे ते पक्षातून बाहेर पडले.

तरुणपणी मनाशी ठरविलेली गोष्ट त्यांनी १९५७ साली खरी केली. सुएझ प्रकरणातील ब्रिटनच्या वागणुकीचा निषेध म्हणून, आणि महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून, ते पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. ते कुर्ता घालू लागले, शाकाहारी झाले, भारताचे नागरिकही झाले. महागड्या उपकरणांवाचून संशोधन होते, हे त्यांनी येथील तरुणांना शिकविले. त्यांचे एक सहकारी रॉय पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजून त्यातील फरक अभ्यासत, आणि हाल्डेन त्या कामाचे कौतुक करीत. आपल्या दारापुढे सडा पडतो, त्याच फुलांवर हे संशोधन झाले! १९६२ साली ते भुवनेश्वरला गेले. तेथेच १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. जन्मभर प्रयोगासाठी वापरलेला देह त्यांनी काकीनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला दिला.

हे चरित्र मी निवडले त्याचे आणखी एक कारण आहे. आमच्या विदर्भात सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत. घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच, त्यामुळे गावाकडच्या बायाबापड्या अहवालाचे कागद माझ्याकडे वाचायला आणतात. मुलीच्या कागदावर वाहक असा शब्द दिसला की आईचा चेहरा उतरतो. गेल्या वर्षी एका मुलीची सोयरीक एवढ्यावरूनच मोडली. कुणी तो देवीचा कोप म्हणतात, तर कुणी रक्त नासले म्हणतात. हाल्डेन यांचा विचार समजल्यापासून मी त्यांना सांगते की, हे रक्त नासलेले नाही. रानावनात, हिवतापाच्या मुलखात राहून ज्या पूर्वजांनी वंश टिकविला, त्यांची ही ठेव आहे. वाहक आणि वाहक यांचा विवाह होणार असेल तेव्हा मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला हवा, म्हणून तपासणी मुलाचीही व्हावी आणि मुलीचीही व्हावी. दोष मात्र कोणाच्याच माथी मारू नये.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. मोहिमेची माणसे गावात येतात, रक्त तपासतात आणि कागद देऊन जातात. त्या कागदाचा अर्थ घरोघरी धीराने समजावून सांगणे हे आपणा शिकणाऱ्या मुलामुलींचे काम आहे. त्यासाठी विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. ती हाल्डेन यांच्याकडेही नव्हती.