कादंबरीकाराचे मौन आणि समुद्रावरचा ऑपेरा

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील रॉयल ऑपेरा हाउसमध्ये १ डिसेंबर १९५१ रोजी पडदा वर गेला, तेव्हा रंगमंचावर एकही स्त्री नव्हती, आणि अखेरपर्यंत ती येणारही नव्हती. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या परंपरेत वाढलेल्या मराठी रसिकाला याचे नवल वाटणार नाही. पण येथे मुळात स्त्रीपात्रच नव्हते. १७९७ सालची इंडॉमिटेबल नावाची ब्रिटिश युद्धनौका, तिच्यावरील अधिकारी, खलाशी, काही पोरगेले आवाज आणि चहूकडे समुद्र. ऑपेराचे नाव ‘बिली बड’. संगीत बेंजामिन ब्रिटन यांचे; त्या रात्री वाद्यवृंदाचे संचालनही त्यांनीच केले. संहिता मात्र दोघांची होती. एक रंगभूमीचे जाणकार एरिक क्रोझियर आणि दुसरे बहात्तर वर्षांचे ई. एम. फॉर्स्टर. ‘ए पॅसेज टू इंडिया’ लिहिल्यानंतर या कादंबरीकाराने सत्तावीस वर्षांत एकही नवी कादंबरी प्रसिद्ध केली नव्हती.

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडनमध्ये झाला. वास्तुविशारद असलेले वडील पुढच्याच वर्षी क्षयाने गेले. आईच्या छायेत मुलगा वाढला आणि ही छाया १९४५ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत टिकली. आत्याआजीने मृत्युपत्रात ठेवलेल्या आठ हजार पौंडांमुळे शिक्षण झाले, लेखनाला स्वास्थ्य लाभले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात त्यांना मोकळा श्वास मिळाला. १९०५ ते १९१० या अवघ्या पाच वर्षांत चार कादंबऱ्या आल्या. ‘हॉवर्ड्स एंड’ने त्यांचे नाव पक्के केले. पुरुषाचे पुरुषावरील प्रेम हा त्या काळच्या इंग्लंडमध्ये तुरुंगात नेणारा गुन्हा होता. फॉर्स्टर यांचे सारे अंतरंग त्याच प्रेमाने व्यापलेले होते. १९१३-१४ मध्ये त्यांनी त्यावर ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहिली, मोजक्या मित्रांना दाखवली आणि कपाटात ठेवली.

भारताशी त्यांचे नाते जडले ते सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद यांच्यामुळे. इंग्लंडमध्ये मसूद यांना ते लॅटिन शिकवत. १९१२-१३ च्या पहिल्या भारतभेटीत ते देवासला गेले. १९२१ मध्ये तेथेच, थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून त्यांनी काही महिने काम केले. राजर्षी शाहू महाराजांचे जावई असलेल्या या मराठी संस्थानिकाच्या दरबारातील गोंधळ, अर्धवट बांधकामे आणि हिशेबांचे घोळ यांनी ते चक्रावले. पण गोकुळाष्टमीचा उत्सव पाहून आतून हललेही. ‘ए पॅसेज टू इंडिया’च्या अखेरच्या भागात प्राध्यापक गोडबोले कृष्णजन्माच्या सोहळ्यात भान हरपून नाचतात, तुकारामांचे नाव घेतात, ते याच अनुभवातून. मसूद यांना अर्पण केलेली ही कादंबरी १९२४ मध्ये आली. पुढे देवासचा खजिना कोलमडला, तुकोजीराव पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. फॉर्स्टर यांनी मात्र ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकात त्यांच्याविषयी शेवटपर्यंत ममतेनेच लिहिले.

हर्मन मेल्व्हिल या अमेरिकन लेखकाने १८९१ मध्ये मृत्यूपूर्वी मागे ठेवलेली ‘बिली बड’ ही दीर्घकथाही प्रथम छापली गेली ती १९२४ मध्येच. योगायोग खराच, पण विलक्षण.

त्यानंतर निबंध, भाषणे, नभोवाणी हेच फॉर्स्टर यांचे लेखनविश्व झाले. उघडपणे लिहिता येईना आणि जे लिहिता येत होते त्यात मन रमेना, असाच त्या मौनाचा अर्थ लावावा लागतो. याच काळात, १९४१ मध्ये, सफकच्या किनाऱ्यावरील कवी जॉर्ज क्रॅब यांच्यावर त्यांनी एक नभोवाणी भाषण दिले. ‘द लिसनर’मध्ये छापलेले ते भाषण दूर कॅलिफोर्नियात ब्रिटन यांच्या हाती पडले. मूळच्या सफकच्या या संगीतकाराला घराची ओढ लागली. १९४२ मध्ये ते मायदेशी परतले आणि क्रॅबच्या काव्यातून १९४५ चा ‘पीटर ग्राइम्स’ उभा राहिला. आधुनिक इंग्रजी ऑपेराची सुरुवात ज्या कृतीपासून मानतात, तिच्या मुळाशी एका अबोल कादंबरीकाराचा लेख होता.

पुढे दोघे स्नेही झाले. १९४९ मध्ये ऑल्डबरो येथे ब्रिटन यांच्या घरी समुद्रासमोर बसून ‘बिली बड’ची संहिता लिहिली जाऊ लागली. कथा साधी आणि भयंकर आहे. बिली हा देखणा, निष्पाप खलाशी. बोलताना अडखळतो, एवढेच त्याचे वैगुण्य. शिस्तीचा अधिकारी क्लॅगर्ट त्याच्यावर बंडाचा खोटा आरोप करतो. बिलीला शब्द फुटत नाही, हात मात्र उठतो आणि क्लॅगर्ट कोसळून मरतो. कप्तान व्हीअरला सत्य ठाऊक आहे, तो बिलीला वाचवू शकतो. तरी कायद्यावर बोट ठेवून त्याला फाशी जाऊ देतो. मेल्व्हिलचा व्हीअर लवकरच युद्धात जखमी होऊन मरतो. फॉर्स्टर आणि क्रोझियर यांनी त्याला म्हातारपणापर्यंत जगवले आणि सगळा खेळ त्याच्या आठवणीत बसवला. जे बोलायला हवे होते ते वेळेवर न बोललेल्या माणसाचे वार्धक्य हाच संहितेचा गाभा झाला. त्यात फॉर्स्टर यांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये.

सहकार्य सुरळीत नव्हते. क्लॅगर्टच्या स्वगतासाठी ब्रिटन यांनी केलेल्या संगीतात त्यांना विकाराची धग जाणवेना आणि त्यांनी ते संगीतकाराला कठोर शब्दांत सुनावले. हळव्या ब्रिटन यांना ते लागले. क्रोझियर यांना मध्ये पडावे लागले. मात्र व्हीअर बिलीला शिक्षा सांगायला आत जातो, त्या जागी शब्दच नाहीत. रिकाम्या रंगमंचावर वाद्यवृंदाचे चौतीस स्वरमेळ एकामागून एक उमटतात, कधी प्रचंड, कधी जेमतेम ऐकू येणारे. शब्दांवर जगलेल्या लेखकाच्या संहितेतील सर्वांत बोलका क्षण असा निःशब्द आहे. पीटर पिअर्स यांचा व्हीअर आणि थिओडोर उपमन यांचा बिली पहिल्या रात्री गाजले. चार अंकांचा हा ऑपेरा १९६० मध्ये ब्रिटन यांनी दोन अंकांत बसवला आणि आज तो बहुधा त्याच रूपात होतो.

फॉर्स्टर यांनी १९४९ मध्ये सर ही पदवी नाकारली होती. १९६९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मात्र स्वीकारला. उरलेली वर्षे त्यांनी किंग्ज कॉलेजातील खोल्यांत काढली. इंग्लंडमधील तो कायदा १९६७ मध्ये सैल झाला, तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. ७ जून १९७० रोजी कॉव्हेंट्री येथे, पूर्वी पोलीस शिपाई असलेले त्यांचे दीर्घकाळचे मित्र बॉब बकिंगहॅम आणि त्यांच्या पत्नी मे यांच्या घरी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी ‘मॉरिस’ छापून आली. बिलीला फाशी टळली नव्हती. या कादंबरीतल्या दोघा प्रेमिकांना मात्र फॉर्स्टर यांनी सत्तावन्न वर्षांपूर्वीच सुखाचा शेवट लिहून ठेवला होता.