गुत्त्यावर चढला, वैरात बुडाला : त्रिंबकजी डेंगळे

गुत्ता म्हणजे काय, हे हदगावकरांना सांगायची गरज नाही. रेतीघाटाचा, तेंदूपत्त्याचा लिलाव तुम्ही पाहिलेला आहे. पण अख्ख्या परगण्याच्या शेतसाऱ्याचाच लिलाव झाला तर? दोनशे वर्षांमागे दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यात तो होत असे. पैनगंगेकाठचा आपला निजामी मुलूखही त्यातून सुटला नव्हता. पुण्याकडे या खेळातला पक्का गडी म्हणजे त्रिंबकजी डेंगळे.

नगर जिल्ह्यातल्या निमगाव जाळीचा हा साधा जासूद. १८०२ साली होळकराच्या धाकाने बाजीराव महाडकडे पळाला, तेव्हा पुण्याला पत्र पोचवून याने झटपट उत्तर आणलं आणि धन्याच्या नजरेत भरला. पुढे भांडत भांडत वर चढला. सदाशिव माणकेश्वरांसारखा जुना कारभारी मागे पडला. खुश्रू मोदीची कर्नाटकातली सरसुभेदारी याच्याच खटपटीने गेली. तो मोदी १८१५ मध्ये विषाने मेला. धनी खूश, कारण थैली भरत होती. जास्त बोली आली की पहिल्या गुत्तेदाराला मुदतीआधीच काढायचं, नव्याने दामदुपटीने गावं पिळायची. कास्तकाराचं म्हणणं ऐकायला कोणीच नव्हतं. त्रिंबकजीच्या शौर्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ही बाजू झाकू नये.

१८१४ साली गायकवाडांकडचा अहमदाबादचा इजारा त्याने स्वतःकडे घेतला. त्याच देण्याघेण्याच्या बोलणीसाठी बडोद्याचे गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांची हमी घेऊन पुण्यात आलेले होते. २० जुलै १८१५ च्या रात्री, आषाढीच्या दिवसांत, पंढरपुरात देवळातून परतताना शास्त्र्यांचा खून झाला. इंग्रज वकील एल्फिन्स्टनने बोट ठेवलं ते त्रिंबकजीवर. कोर्टात खटला कधी चालला नाही, पण याच्याविरुद्ध बोलायला दरबारात माणसं भरपूर होती. आणि त्याच्या बाजूने? एकटा बाजीराव, तोही भित्रा. सप्टेंबरात त्याने आपला माणूस इंग्रजांच्या हवाली केला.

ठाण्याच्या तुरुंगातून १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटला. खिडकीखाली घोड्याचा मोतद्दार गाण्यातून निरोप द्यायचा, असं सांगतात. बाहेर पडून त्याने शंभू महादेवाच्या डोंगरात माणसं जमवली. एल्फिन्स्टनला निमित्तच मिळालं. सिंहगड, पुरंदर, रायगड तारण मागितले आणि जून १८१७ च्या तहाने पेशव्याचे हातपाय बांधले. नोव्हेंबरात लढाई पेटली, जून १८१८ मध्ये बाजीराव शरण गेला. (त्या धामधुमीची झळ १८१९ मध्ये आपल्या नाव्ह्यालाही लागली. नोवसाजी नाईक हटकरांची गढी फौजेने घेतली, ती हकीकत वेगळी.)

बाजीराव शरण गेल्यावर थोड्याच दिवसांत त्रिंबकजी नाशिककडे अहिरगावात पकडला गेला आणि गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात कैदेत पडला. १८२९ साली तिथेच वारला. बाजीराव त्याच गंगेकाठी बिठूरला, वर्षाला आठ लाखांचा तनखा खात, १८५१ पर्यंत जगला.