रूळ, सांधे आणि शाहू महाराज

३ मे १८८८ रोजी कोल्हापूरच्या लोहमार्गाचा शुभारंभ झाला, तेव्हा तो ज्यांच्या हस्ते झाला ते छत्रपती चौदा वर्षांचेही नव्हते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात ते शिकत होते आणि राज्यकारभार त्यांच्या वतीने दुसरेच पाहत होते. मार्ग कोठून न्यायचा, रुळांची रुंदी किती ठेवायची, गाडी कोणी चालवायची या निर्णयांत त्या मुलाचा काही वाटा असणे शक्यच नव्हते. पुढे मात्र याच मार्गाचा उपयोग त्यांनी असा करून घेतला, की कोल्हापूरच्या रेल्वेचा इतिहास त्यांच्या चरित्रापासून वेगळा काढता येऊ नये.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. दोनच वर्षांत वडील जयसिंगराव तथा आबासाहेब वारले. राजकोटनंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या आयुष्यात आणि संस्थानात दोन मोठ्या घटना घडल्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला बडोद्याच्या खानविलकरांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच महिन्यात मिरज-कोल्हापूर मार्ग वाहतुकीस खुला झाला.

मार्ग जेमतेम ४७ किलोमीटरचा, मीटरगेज आणि एकेरी. पण कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्या त्याला ओलांडाव्या लागल्या आणि पावसाळ्यात या नद्या काय करू शकतात हे या भागातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मालकी कोल्हापूर दरबाराची होती, गाड्या चालवण्याचे काम मात्र सदर्न मराठा रेल्वे या कंपनीकडे होते. म्हणजे पैसा आणि जमीन संस्थानाची, नियमपुस्तक कंपनीचे.

हे नियमपुस्तक समजून घेतल्याशिवाय त्या काळची आगगाडी कळत नाही. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, एवढीच त्यातली मूळ चिंता. पुढच्या स्थानकाच्या स्टेशनमास्तरने तारयंत्रावर संमती दिली, मागच्याने ती वहीत नोंदवली आणि ड्रायव्हरच्या हाती लेखी परवाना अथवा टोकन दिले, की गाडी हलायची. सांधेवाला हाताने सांधा बदलायचा, रात्री कंदील दाखवायचा. या साखळीत डुलकी लागलेला तारवाला, चुकीची नोंद किंवा घाईत ओढलेला सांधा एवढेही अनर्थाला पुरेसे असे. म्हणूनच पुढे भारतातल्या एकेरी मार्गांवर नीलची गोळ्यांची यंत्रे आली. दोन्ही स्थानकांनी मिळून कळ चालवल्याशिवाय यंत्रातून गोळा बाहेर पडत नसे आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे. माणसाच्या स्मरणशक्तीवर टाकलेला भार लोखंडाने उचलला. तरी पिशवीतला गोळा ड्रायव्हरला द्यायला माणूस लागे आणि तो योग्य विभागाचा आहे हे पाहायलाही माणूसच लागे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ संगणकीय सिग्नल यंत्रणा असतानाही भीषण अपघात झाला. त्याच्या मुळाशी दुरुस्तीच्या कामातील चुकीच्या जोडण्या होत्या, हे चौकशीत पुढे आले. यंत्र बदलले तरी प्रश्न तोच राहिला आहे.

२ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी अधिकारसूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांच्यापुढे याच प्रश्नाचे व्यापक रूप उभे होते. नवे यंत्र, नवी कचेरी, नवा कायदा यांना वाचता-लिहिता येणारी माणसे हवी होती आणि ती एकाच थरातून येत होती. संस्थानातील ७१ वरिष्ठ पदांपैकी ६० ब्राह्मणांकडे होती, ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर अवघे १०. दोष कोणा एका जातीच्या हुशारीचा नव्हता, शाळेच्या बंद दाराचा होता. महाराजांनी आधी दार उघडायला घेतले. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि त्यामागोमाग विविध जातिधर्मांची वसतिगृहे उभी राहिली. २६ जुलै १९०२ रोजी, स्वतः विलायतेत असताना, निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा त्यांनी काढला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, तेव्हाही माणूस नेमण्याबरोबर त्याला तयार करण्याची व्यवस्था केली. नुसती नेमणूक करून भागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

रेल्वेचा व्यापारी उपयोगही त्यांनी चटकन हेरला. स्थानकालगत १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली आणि गुळाची बाजारपेठ तेथे नांदू लागली. कोल्हापुरी गुळाला बाहेरचे गिऱ्हाईक मिळाले त्यात रुळांचा वाटा मोठा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने निघाली, दुष्काळी कामांवर मजूर बायांच्या मुलांसाठी शिशुगृहे झाली. १९०६ मध्ये शाहू छत्रपती मिलची स्थापना झाली. याच मार्गावर वडिलांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर आजही आखीव रस्त्यांमुळे ओळखू येते. राधानगरीच्या धरणाचे काम मात्र त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही.

आगगाडीच्या डब्यात तिकिटावर जात लिहिलेली नसते. गावात पाणवठ्यावर जे चालत नव्हते ते डब्यात नाइलाजाने चालू लागले होते. पण महाराजांना नाइलाजाची समता पुरेशी वाटली नाही. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढून दिले आणि भर रस्त्यात तेथे थांबून स्वतः चहा घेतला. १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी बंदी केली. रुकडी स्थानकापासून जवळच असलेल्या माणगावात मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि महाराज आवर्जून उपस्थित राहिले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७. गादीवर पुत्र राजाराम महाराज आले. मीटरगेजचे रूळ १९७० च्या दशकाच्या आरंभी उखडले जाऊन ब्रॉडगेज आले, महालक्ष्मी एक्स्प्रेस थेट मुंबईला जाऊ लागली आणि वाटेत गाडी बदलण्याची कटकट संपली. कोल्हापूरच्या स्थानकाला आता छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असे नाव आहे. मिरजेहून येणारे रूळ तेथेच संपतात.