श्वासाची परीक्षा घेणारे स्वामी : कुवलयानंद

आमच्या मागच्या पालकसभेत एका पालकांनी सरळ प्रश्न केला. प्रार्थनेनंतर मुलांना पाच मिनिटे डोळे मिटून शांत बसवतात, त्याने होते काय? तेवढ्या वेळात दोन गणिते होतील. प्रश्न रागाने नव्हे, काळजीने विचारलेला होता. आपली शाळा खासगी बाजारात. सकाळपासून टेम्पोचे भोंगे, हातगाड्या, दुकानांची शटरे. या गलबल्यात ध्यान कसले लागणार, असे आम्हालाही कधी वाटतेच. उत्तर शोधताना आम्हाला आठवण झाली ती हाच प्रश्न आयुष्यभर स्वतःला विचारणाऱ्या एका मराठी माणसाची. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद.

विद्यार्थी मित्रांनो, स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गाव डभोई. हे गाव महाराष्ट्रात नाही, गुजरातेत आहे, त्या वेळच्या बडोदे संस्थानात. १७३१ साली बाजीराव पेशवे आणि त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई झाली ते हेच डभोई. आपली घराणी जशी शिंद्यांच्या मागे ग्वाल्हेरीस आली आणि इथलीच झाली, तशी कितीतरी मराठी घराणी गायकवाडांच्या राज्यात स्थिरावली. म्हणजे स्वामीजीही आपल्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर वाढलेले मराठी.

घरची स्थिती बेताची होती. तरीही १९०३ साली ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून बडोद्याच्या कॉलेजात गेले. तेव्हा अरविंद घोष तिथे शिकवीत होते. लोकमान्य टिळकांच्या चळवळीचेही ते दिवस. जगन्नाथाच्या मनाने घेतले की देशाची सेवा करायची आणि त्यासाठी ब्रह्मचारी राहायचे. तो निश्चय त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

१९०७ ते १९१० अशी तीन वर्षे ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षणसंस्थेत गेले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. देशभक्तीचे वारे शिरलेले ते महाविद्यालय इंग्रज सरकारने बंद पाडले. शिक्षकाच्या आयुष्यात याहून मोठा घाव कोणता? पण गुणे मास्तर खचले नाहीत. १९१६ ते १९२३ या काळात अमळनेरच्या विद्यार्थ्यांना ते भारतीय संस्कृती शिकवीत राहिले.

या काळातच त्यांना गुरू भेटले. आपल्या मध्यप्रदेशातून वाहत जाणारी नर्मदा पुढे गुजरातेत शिरते. तिच्या काठी मालसर नावाचे गाव आहे. तेथे परमहंस माधवदासजी हे वृद्ध बंगाली योगी आश्रम करून राहत होते. १९१९ साली जगन्नाथराव त्यांच्याकडे गेले. नदीचा काठ, झाडी, मोकळी हवा आणि गुरूंचा सहवास यांत त्यांनी आसने, प्राणायाम, शुद्धिक्रिया आणि ध्यान यांची साधना केली. स्वतःत झालेला बदल त्यांना जाणवत होता.

इथे दुसरा कोणी असता तर शिष्य जमवून प्रवचने करू लागला असता. यांच्या मनात मात्र शंका आली. मला बरे वाटते हे खरे, पण ते का वाटते? शरीराच्या आत नेमके काय घडते? त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती, विषय संस्कृतचा. तरी ते १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळात गेले आणि उड्डियान व नौली या पोटाच्या क्रिया क्ष-किरणांखाली तपासून घेतल्या. योगाची प्रयोगशाळेत तपासणी करण्याच्या जगातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक.

नौली म्हणजे श्वास बाहेर सोडून पोटाचे मधले स्नायू वेगळे उभे करणे. ही क्रिया करणारे योगी आतड्यात पाणी ओढून घेऊ शकत. लोकांना तो चमत्कार वाटे. स्वामीजींनी दाब मोजला, तेव्हा नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो असे आढळले. नळीने सरबत ओढताना आपण जे करतो तेच तत्त्व! चमत्कार संपला आणि शास्त्र सुरू झाले. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये, सह्याद्रीच्या कुशीत, झाडांत आणि पावसात ही जागा आहे. एका बाजूला साधना, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळा. त्याच महिन्यात 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघाले आणि त्यात प्रयोगांचे आकडे, छायाचित्रे छापली जाऊ लागली. संस्था चालली ती लोकांच्या देणग्यांवर. आपल्या विश्वस्तांना वेगळे सांगायला नको, की पैसा उभा करणे हीसुद्धा एक साधनाच असते.

आमच्या मते स्वामीजींचा खरा मोठेपणा पुढच्या गोष्टीत आहे. प्राणायाम केला की शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, अशी समजूत तेव्हा होती, आजही अनेकांची आहे. स्वामीजींच्या संस्थेला हे सिद्ध करता आले असते तर किती सोयीचे झाले असते! पण मोजमाप केल्यावर तसे दिसले नाही. त्यांनी ते लपवले नाही, छापले. प्राणायामाचे मोल केवळ जास्तीच्या प्राणवायूत नाही; मज्जासंस्थेवर आणि मनावर त्याचा जो परिणाम होतो त्यात ते आहे, असे त्यांनी मांडले. आपल्या आवडत्या गोष्टीविरुद्ध आलेला आकडाही मान्य करणे हे कठीण काम आहे. आम्हा मोठ्यांनाही ते नेहमी जमत नाही.

त्यांच्या कामाचा लौकिक वाढत गेला. १९२७ साली महात्मा गांधींची प्रकृती बिघडली, तेव्हा त्यांनी स्वामीजींशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला. १९३० नंतरच्या काळात अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डॉ. बेहनन योगाचा अभ्यास करण्यासाठी लोणावळ्यास येऊन राहिले. पण थोरामोठ्यांत रमून स्वामीजी सामान्य माणसाला विसरले नाहीत. डोंगरात येणे सर्वांना शक्य नाही हे ओळखून १९३६ साली मुंबईत, चौपाटीजवळ समुद्रासमोर, त्यांनी ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र उघडले. शाळांतील व्यायामात योगासने यावीत म्हणून संयुक्त प्रांतात आणि मुंबई इलाख्यात त्यांचे अभ्यासक्रम वापरले गेले. आपल्या ग्वाल्हेरात १९५७ साली शारीरिक शिक्षणाचे लक्ष्मीबाई महाविद्यालय सुरू झाले, त्याच्या वीसएक वर्षे आधीची ही गोष्ट.

स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय आले, मग रुग्णालयही आले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजी गेले. त्यांची संस्था आजही चालू आहे आणि २०२४ साली तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. २०१५ पासून २१ जूनला सारे जग योगदिन पाळते. त्या दिवशी आपणही मैदानावर सतरंज्या अंथरतो, पण या मास्तरांचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. पाच मिनिटांनी काय होते? आम्ही ठामपणे सांगितले तर ते स्वामीजींना आवडणार नाही. म्हणून आम्ही असे सुचवतो. इयत्ता आठवी आणि नववीच्या मुलामुलींनी एक वही करावी. शांत बसण्याआधी एका मिनिटात श्वास किती झाले ते मोजावे, बसून उठल्यावर पुन्हा मोजावे. त्या दिवशी धड्यात लक्ष लागले की नाही तेही एका ओळीत लिहावे. घरी गच्चीवर किंवा अंगणातल्या तुळशीजवळ बसून पाहावे आणि बाजाराच्या आवाजात बसूनही पाहावे. फरक दिसला तर लिहावे. दिसला नाही तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे, गुरुजींना बरे वाटावे म्हणून आकडा बदलू नये.

महिन्याने या वह्या आपण पालकसभेत ठेवू. पाच मिनिटे ठेवायची की त्यांची दोन गणिते करायची, हे तेव्हा सर्वांनी मिळून ठरवू.