कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित
दीक्षितांचा जन्म १८५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड येथें झाला. शिक्षकाचा पेशा संभाळून त्यांनीं ज्योतिषाचा व्यासंग केला. प्राचीन सिद्धान्तांत नक्षत्रांच्या योगतारांचीं स्थानें अंशांनीं दिलीं आहेत. पण ती तारा आकाशांतील नेमकी कोणती, याविषयीं पंडितांत मतभेद होता. दीक्षितांनीं ते अंश ताडून १८९६ सालीं आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्र या ग्रंथांत त्यांचें विवेचन केलें. शतपथब्राह्मणांत कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत. त्यावरून त्यांनीं तो काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षें मानला. हें मत सर्वांस मान्य नाहीं. परंतु आज आमच्या अमरावती-अकोल्यास कृत्तिका पूर्वबिंदूच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात, हें अयनचलन कोणासही पाहतां येईल. पंचेचाळिशी पुरी होण्यापूर्वींच, १८९८ सालीं, ते निवर्तले. ग्रंथांतील आंकडा आकाशाशीं ताडण्याची त्यांची संवय आमच्या विद्यार्थ्यांनीं उचलावी, असें आम्हांस वाटतें.