कर्मवीर अण्णांचं बोर्डिंग

२२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती असते. गुरुजींनी या वेळच्या भित्तिपत्रकासाठी थोरांची चरित्रे वाटून दिली, तेव्हा मी कर्मवीरांचं नाव मागून घेतलं. का, ते शेवटी सांगते.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. त्यांचे वडील सरकारी नोकरीत होते, म्हणजे घरची अगदी गरिबी नव्हती. शिकायला त्यांना कोल्हापूरला ठेवलं, पण ते मॅट्रिक काही झाले नाहीत. (हे वाचून आमच्या वर्गातल्या काहीजणांना आनंद होईल, पण पुढचंही वाचा!) १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून मगच आत यायला सांगितलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. त्यापायी त्यांना स्वतःचं वसतिगृह सोडावं लागलं.

पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी फिरले. नांगर विकायचा म्हणजे शेतकऱ्याच्याच दारात जायचं. तिथे त्यांनी पाहिलं की शेतकऱ्यांची, मजुरांची, दलितांची पोरं गुरांमागे जातात. हायस्कूल फक्त शहरात. तिथे राहायचं कुठं, जेवायचं काय, फी कोण भरणार? आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे, अशा पोरांनी शिकून पुढे जावं असं कुणाला वाटतच नव्हतं. सही करता आली की झालं, असं गावही धरून चालायचं आणि आईबापही. मला वाटतं, ही दुसरी अडचण फीपेक्षा अवघड आहे, कारण ती दिसत नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. रयत म्हणजे आपण सगळे, कष्ट करणारी माणसं. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर स्वयंपाक करायची आणि एका पंगतीला बसायची. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १९२७ साली महात्मा गांधी हे बोर्डिंग पाहायला आले होते. मुलं भाऊरावांना अण्णा म्हणायची.

अण्णा धान्य आणि वर्गणी गोळा करायला गावोगाव हिंडायचे. एकदा ते बाहेरगावी असताना बोर्डिंगातलं धान्य संपलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने मुलांच्या पोटापायी आधीच गेले होते. राहिलं होतं मंगळसूत्र. त्या माउलीने तेही मोडायला दिलं आणि मुलांना जेवू घातलं. अण्णांच्या नावाचे पुतळे पुष्कळ आहेत, पण मला लक्ष्मीबाईंचाही एक शाळेच्या दारात असावा असं वाटतं. १९३० साली त्या वारल्या.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. तिथे ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत होती. मुलांनी शेतात राबायचं, खडी फोडायची, बांधकामाला हात लावायचा आणि त्या कष्टावर शिकायचं. म्हणजे भाकरी फुकटची नाही. जे काम बापाला येतं म्हणून लोक पोराला कमी लेखायचे, त्याच कामावर पोरगं हायस्कूल शिकलं! १९४७ साली शिवाजी कॉलेज निघालं. मुलींना शिक्षिका होता यावं म्हणून जिजामाता अध्यापिका विद्यालयही निघालं. मॅट्रिक न झालेल्या अण्णांना १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी.लिट. पदवी दिली, त्याच वर्षी पद्मभूषणही मिळालं. ९ मे १९५९ रोजी ते गेले. आज संस्थेची चारशेच्या वर हायस्कुलं आहेत.

आता माझं सांगते. आमची शाळा सातवीपर्यंत आहे. मागे वर्गात प्रत्येकाला मोठेपणी कोण होणार असं विचारलं. नोकरदारांच्या मुलांनी डॉक्टर, इंजिनियर सांगितलं. आम्ही मजुरांची मुलं खाली बघत बसलो. कुणी आम्हाला गप्प केलं नव्हतं, तोंडातून शब्दच आला नाही. घरी म्हणतात, सातवी झाली की पुरे. आठवीला एस.टी.ने जावं लागतं, पण मुलींना पास मोफत आहे. तेव्हा पैशाचं कारण नाही.

मला शिक्षिका व्हायचंय. त्या दिवशी बोलले नाही, ते इथे लिहिते.

शनिवारी पालकसभा आहे. आई खुरपण टाकून येणार आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून हे मी इथेच उभी राहून तिला वाचून दाखवणार आहे. बाबांनाही घेऊन ये म्हटलंय.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी